पोचल्याची पावती नको, वाचल्याची द्या

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
राष्ट्रीय ईएचआर मानके संसाधन केंद्र (एनआरसीईएस), सी-डॅक, पुणे



मी मावळातल्या कुसगाव बुद्रुकला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. लॅबमध्ये रक्ताचा आकडा निघतो तिथून तो डॉक्टरांच्या पडद्यावर उमटेपर्यंत मधल्या वाटेवरचा कोड लिहिणे हे माझे काम. आलेला संदेश फोडून त्यातला अर्थ काढायचा आणि पुढच्या संगणकाला समजेल असा नवा संदेश बांधायचा, हेच आम्ही दिवसभर करतो. रुग्णाला आम्ही कधी दिसत नाही, दिसण्याची गरजही नाही. पण आमच्या कोडमध्ये एक चिन्ह इकडचे तिकडे झाले तर त्याचा त्रास शेवटी खाटेवरच्या माणसाला होतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचे क्रमांक, आज निघालेले आहेत. ओपीडीच्या दारातला क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढता येतो आणि म्हाताऱ्या माणसांचा रांगेतला वेळ वाचतो, हे मी स्वतः पाहिले आहे. हे काम चांगलेच झाले. मला बोलायचे आहे ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. किती नोंदी आभाला जोडल्या गेल्या, हा आकडा आपण अभिमानाने डॅशबोर्डवर लावतो. त्यातल्या किती नोंदी दुसऱ्या दवाखान्याच्या संगणकाला खरोखर वाचता आल्या, हा आकडा तिथे दिसत नाही. तो मोजा, जाहीर करा, आणि प्रमाणपत्र व पैसे त्या आकड्यावर द्या, एवढीच माझी मागणी आहे.

आधी हा संदेश कसा असतो ते दाखवते, कारण रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरच्या निविदा मंजूर करणाऱ्या कित्येकांनी तो कधी उघडून पाहिलेला नसतो. लॅबचे सॉफ्टवेअर आणि रुग्णालयाचे सॉफ्टवेअर यांच्यात आजही पुष्कळ ठिकाणी एचएल७ची दुसरी आवृत्ती चालते. हे मानक बनवणारी संस्था १९८७ साली अमेरिकेत स्थापन झाली. डेंगीच्या रुग्णाच्या प्लेटलेटची ओळ साधारण अशी असते. मूळ ओळ रोमन अक्षरांत असते, इथे देवनागरीत लिहिते:

ओबीएक्स|१|एनएम|७७७-३^प्लेटलेट्स^एलएन||६२|१०^३/यूएल|१५०-४५०|एल|||एफ

उभी रेघ आली की रकाना संपला. एनएम म्हणजे पुढे येणारे मोजमाप ही संख्या आहे. ७७७-३ हा प्लेटलेट मोजणीचा लॉइंक संकेतांक, तो बोस्टनमध्ये आणि बारामतीत एकच. ६२ हे मोजमाप, त्यापुढे एकक, मग सामान्य मर्यादा. एल म्हणजे प्रमाण कमी, आणि शेवटचा एफ म्हणजे रिपोर्ट अंतिम, आता बदल झालाच तर तो सुधारित रिपोर्ट म्हणूनच येईल.

आता एककाचा रकाना नीट पाहा. दहाचा तिसरा घात दाखवायला बांधणाऱ्याने टोपीचे चिन्ह वापरले आहे. पण या मानकात तेच चिन्ह रकान्याचे उपभाग पाडण्यासाठी राखून ठेवलेले आहे. कोड नियमाप्रमाणे ओळ फोडतो तेव्हा एककाचे दोन तुकडे होतात, पहिल्यात '१०' आणि दुसऱ्यात '३/यूएल'. पडद्यावर उमटते '६२ १०'. बांधणाऱ्याने टोपीच्या जागी मानकात सांगितलेली खूण लिहायला हवी होती, किंवा युकम या एककांच्या मानकाप्रमाणे '१०*३/यूएल' असे लिहायला हवे होते. दोन्ही वाटा पुस्तकात स्पष्ट आहेत. तरी ही चूक वर्षानुवर्षे होत राहते, कारण संदेश बांधणारा तो वाचणाऱ्याला कधी भेटत नाही. बांधणाऱ्याच्या बाजूने संदेश 'गेला', आणि काम संपले.

आपल्याकडे यावर आणखी एक थर चढतो. मावळात पावसाळा लागला आणि ताप सुरू झाले की घरोघरी एकच प्रश्न असतो, 'पेशी किती आल्या?' उत्तर येते, 'साठ हजार', नाहीतर 'दीड लाख'. लॅबही त्याच बोलीत रिपोर्ट छापतात. एक लॅब ६२ लिहून एकक हजाराचे देते, दुसरी ६२,००० लिहिते, तिसरी ०.६२ लाख. डॉक्टर तिन्ही सहज वाचतात. कोडला ते सांगावे लागते, आणि सांगितले नसेल तर तो मुकाट्याने चुकतो.

एका रुग्णालयात मी हे जवळून पाहिले. नाव घेत नाही, कारण दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. तापाने दाखल झालेल्या एका तरुणाचा आलेख पडद्यावर होता. आदल्या दिवशीचे मोजमाप ६२, आतल्या लॅबचे. दुसऱ्या दिवशी रक्त बाहेरच्या लॅबला गेले, तिथून आले ०.५८. रेघ जवळजवळ शून्यावर आदळली आणि लाल सूचना वाजू लागली. ड्युटीवरच्या सिस्टरने लगेच लॅबला फोन लावला. उलगडा झाला की एक आकडा हजारात आहे आणि दुसरा लाखात. खरी घट चार हजारांची होती. त्या सिस्टरचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्यानंतर वॉर्डने काय केले, तर प्लेटलेटची सूचनाच बंद करून टाकली, कारण ती दिवसातून कितीदा तरी विनाकारण वाजत होती. त्यांनाही दोष देववत नाही, रात्रभर खोटा गजर ऐकत कोण काम करील? मला धास्ती आहे ती पुढच्या रात्रीची. कोणाच्या तरी पेशी खरोखरच दहा हजारांखाली येतील आणि सूचना गप्प असेल.

स्वल्पविरामाचेही असेच. आपण दीड लाख '१,५०,०००' असा लिहितो. जावास्क्रिप्ट या भाषेत पार्सफ्लोट नावाची सोय आहे, तिला ही अक्षरे दिली तर ती पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि उत्तर देते १. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. दीड लाख पेशींच्या धडधाकट माणसाची नोंद १ अशी होते. हाच आकडा देवनागरीत '१५००००' असा आला तर पायथन तो बिनचूक वाचते, जावास्क्रिप्ट 'ही संख्या नाही' असे सांगून नकार देते. नकार परवडतो, निदान काहीतरी बिघडल्याचे कळते. शांतपणे मिळालेला १ घातक. एचएल७च्या संख्येच्या रकान्यात स्वल्पविराम मुळी चालतच नाही. म्हणजे नियम आहे, पण सॉफ्टवेअर विकत घेताना हा नियम पाळला जातो का हे कोणी तपासून घेत नाही.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या मानकाचे दुखणे आहे, आपण फायर हे नवे मानक स्वीकारले आहे. खरे आहे, आणि तो निर्णय योग्य होता. २०११ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी सुरू केलेले हे मानक २०१८ च्या अखेरीस चौथ्या आवृत्तीला पोचले आणि आपले मिशन त्याच आवृत्तीवर उभे आहे. एनआरसीईएसने भारतासाठीची मार्गदर्शिका सर्वांना खुली ठेवली आहे. बाह्यरुग्ण तपासणी, औषधाची चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण यांचे साचे तिथे तयार आहेत. २०१४ पासून भारत स्नोमेड सीटीचा सदस्य असल्याने रोगांची ती अवाढव्य शब्दावली आपल्या कोणत्याही प्रोग्रॅमरला फुकट वापरता येते. पाषाणच्या पंचवटीतल्या इमारतीत बसून आपल्या माणसांनी हे काम केले, याचा मला अभिमान वाटतो. परदेशी सहकाऱ्यांना मी ती मार्गदर्शिका आवर्जून दाखवते.

मात्र त्याच मार्गदर्शिकेत नोंदीच्या जागी पीडीएफ जोडण्याची मुभा आहे. मुभा असायलाच हवी. जुने कागद, हाताने लिहिलेली डिस्चार्ज कार्डे दुसऱ्या कोणत्या मार्गाने आत येणार? पण जिथे आकडे संगणकातच जन्मले, तिथेही हीच पळवाट वापरली जाते. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन यांची वेगवेगळी नोंद करायची तर लॅबच्या शेकडो तपासण्या एकेका संकेतांकाशी जुळवाव्या लागतात, महिनोन्महिने बसून. छापायचा रिपोर्ट पीडीएफ करून तसाच चिकटवायचा तर एका दुपारचे काम. म्हणून वरून फायर आणि आत स्कॅनची प्रत. पत्ता सुवाच्य लिहिलेले पाकीट, पण चारही बाजूंनी डिंक लावलेले. समोरच्या डॉक्टरांना चित्र दिसते, त्यांच्या संगणकाला काहीच दिसत नाही. मागच्या सहा महिन्यांची साखर एका रेघेत दाखवता येत नाही. किडनी अधू असलेल्या माणसाला चुकीचे औषध लिहिले जात असताना सावध करता येत नाही. आणि मावळातल्या कोणत्या गावात डेंगी वाढतो आहे, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पुन्हा आशाताईंच्या वहीतूनच मोजावे लागते.

१ जानेवारी २०२३ पासून डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना लागू झाली. ठरलेल्या संख्येच्या वर प्रत्येक व्यवहारामागे रुग्णालयाला २० रुपये देण्याचे तिच्यात ठरले. माझी विनंती आहे की अशी रक्कम देताना आत काय आहे ते पाहा. संगणकात तयार झालेला लॅब रिपोर्ट आकडा, एकक आणि संकेतांकासह आला तर पूर्ण रक्कम द्या. तोच रिपोर्ट चित्र म्हणून आला तर नाममात्र द्या. जुळणीचे ते किचकट काम करायला कंपन्यांना दुसरे कोणतेही भाषण लागणार नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती मला मान्य आहे. आपल्या मिशनची रचना अशी की रुग्णाने संमती दिल्यावर नोंद पाठवणाऱ्या रुग्णालयातून मागणाऱ्याकडे कुलूपबंद जाते. मधल्या गेटवेला आतले काही दिसत नाही. कर्व्ह २५५१९ या गणिती पद्धतीवर आधारलेली त्या कुलपाची किल्ली फक्त दोन टोकांकडे असते. हे असेच राहिले पाहिजे, माणसाच्या आजाराची माहिती मधल्या कोणी वाचता कामा नये. पण याचा सरळ अर्थ असा की चुकीचा संदेश वाटेत कोणीही अडवू शकत नाही. तो पकडण्याच्या जागा दोनच उरतात. एक, सॉफ्टवेअरला परवानगी देण्याआधीची चाचणी. दोन, नोंद घेणाऱ्याचे उत्तर.

उत्तराची जागा तुमच्या रचनेत आधीपासून आहे. नोंद मिळाल्यावर मागणाऱ्याने ती नीट मिळाली की तिच्यात बिघाड होता, हे उलट कळवायचे असते. जुन्या एचएल७मध्येही तेच आहे. एए म्हणजे स्वीकारले, एई म्हणजे चूक सापडली, एआर म्हणजे नाकारले. प्रत्यक्षात काय होते ते सांगते. पुष्कळ सॉफ्टवेअर संदेशाचे शेवटचे अक्षर हाती पडताच, तो उघडण्याआधीच, एए पाठवून मोकळे होतात. मानक बनवणाऱ्यांना हे माहीत होते. म्हणूनच त्यांनी 'हाती पडले' याची पावती वेगळी आणि 'वाचून नोंदवले' याची वेगळी, अशी व्यवस्था करून ठेवली. दुसरी पावती वापरायला कोणी भाग पाडत नाही म्हणून ती पडून आहे. नोंद उघडून, एकके तपासून, रुग्णाशी जुळवून झाल्यावरच 'ठीक' कळवायचे, असा नियम करा. कोणत्या सॉफ्टवेअरने पाठवलेल्या नोंदींपैकी शेकडा किती वाचता आल्या नाहीत, हे दर तिमाहीला छापा. त्यासाठी कुलूप उघडावे लागत नाही, एकाही रुग्णाचे नाव लागत नाही.

आता चाचणीबद्दल, आणि इथे मी थोडी जास्त जागा घेणार आहे. सॉफ्टवेअर ज्या नमुना रुग्णांवर तपासले जाते त्यांना नीट तीन भागांचे नाव असते, पूर्ण जन्मतारीख असते, स्वतःचा मोबाइल असतो. आमच्याकडची माणसे अशी नसतात.

माझ्या जाऊबाईंचेच सांगते. दिवस राहिल्यावर त्यांची नोंद इथे मावळात झाली, नाव, पतीचे नाव, आडनाव अशी. माता-बाल संरक्षण कार्ड मिळाले, हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब सगळे लिहिले गेले. सातव्या महिन्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी त्या माहेरी, जुन्नर तालुक्यात गेल्या. तिथल्या दवाखान्यात लहानपणापासूनचा केसपेपर होता, नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव असा. दोन नोंदी जुळल्या नाहीत. सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या, पुन्हा रक्त काढले. इथे त्यांना लोहाच्या इंजेक्शनचा त्रास झाला होता. ते तिथे कळले, कारण माझ्या सासूबाईंनी कार्डावर बॉलपेनने ठळक लिहून दिले होते. ते कार्ड एसटीत राहिले असते तर?

पहिले बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची घरोघरची रीत आहे, आणि ती असतेही नेमकी नोंदीची सर्वांत जास्त गरज असलेल्या महिन्यांत. लग्नानंतर बाईच्या नावाचे तीनपैकी दोन भाग बदलतात, काही घरांत तिसराही. मानकांनी याची सोय केव्हाच केली आहे. एचएल७मध्ये नावाचा रकाना अनेकदा भरता येतो आणि प्रत्येक नावापुढे ते कायदेशीर की माहेरचे हे लिहिता येते. फायरमध्येही नावाचा वापर नोंदवायला जागा आहे. पण आपल्या रुग्णालयांत मी पाहिलेल्या बहुतेक नोंदणी-फॉर्ममध्ये नावाची एकच चौकट असते आणि नवे नाव लिहिले की जुने कायमचे पुसले जाते. बाळाचे तर नावच नसते. 'अमुकचे बाळ' अशी नोंद होते, आणि जुळे असेल तर दोन्ही बाळे एकाच नावाची. जुळ्यांचा जन्मक्रम लिहायचा रकानाही मानकात आहे. तो मी भरलेला क्वचितच पाहिला.

जन्मतारखेचे दुखणे वेगळे. महाराष्ट्रात १ जून हा असंख्य माणसांचा वाढदिवस आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो लिहिला. ज्यांना तेवढीही शाळा मिळाली नाही त्यांची तारीख १ जानेवारी, कारण वर्ष सांगितल्यावर संगणकाने ती आपणहून भरली. एका गावात एकाच आडनावाची, एकाच वर्षी १ जूनला जन्मलेली दोन माणसे सापडणे मुळीच अवघड नाही, आणि घरात मोबाइल एकच. फायरमध्ये जन्मतारीख म्हणून नुसते '१९५२' लिहिलेले चालते. महिना माहीत नाही, दिवस माहीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगण्याची ती जागा आहे. रुग्ण शोधताना तुमचे मिशनसुद्धा फक्त जन्मवर्ष विचारते. तो विचार ज्यांनी केला त्यांना आपला समाज ठाऊक होता. पण रुग्णालयाच्या फॉर्मला पूर्ण तारीख मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग काउंटरवरचा मुलगा १ जानेवारी दाबतो, आणि माहीत नसलेली गोष्ट खरी म्हणून पुढच्या प्रत्येक संदेशात जाते. जिथे तारीख खरोखर माहीत आहे तिथे ती पूर्णच हवी. २०२१ मध्ये परदेशी निघालेल्यांसाठी कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नंतर घालावी लागली होती. जेवढे माहीत आहे तेवढेच लिहायचे, आणि तेवढे सगळे लिहायचे, हे सॉफ्टवेअरला जमले पाहिजे.

कुसगावचे म्हणून आणखी एक. खोपोलीपासून निघालेला १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' हा नवा रस्ता आमच्याच गावाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला मिळतो. घाटातल्या अपघातात बेशुद्ध माणूस येतो तेव्हा त्याची नोंद 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०' अशी होते. दोन तासांनी नातेवाईक येतात, नाव कळते, जुनी नोंदही सापडते. आता दोन नोंदी एक करायच्या. एचएल७मध्ये त्यासाठी ए४० नावाचा खास संदेश आहे. लॅबच्या सॉफ्टवेअरने तो ऐकला नाही तर पहिल्या दोन तासांतले रक्तगट आणि हिमोग्लोबिन 'अनोळखी'च्याच नावावर पडून राहते. कितीतरी लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये ए४० हाताळणारा कोडच नसतो, आणि हे खरेदीच्या वेळी एका चाचणीत कळू शकते.

असे घोटाळे गरीब देशांतच होतात असे कोणी समजू नये. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये १५,८४१ कोविडबाधितांची नावे आठवडाभर मोजणीत आलीच नाहीत. लॅबकडून आलेली यादी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतली जात होती, त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. उरलेल्या ओळी न कुरकुरता गळून पडल्या. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढा उशिरा सुरू झाला. तिथेही पाठवणाऱ्याच्या बाजूने सगळे 'गेले' होते.

एनआरसीईएसकडे माझी खास विनंती आहे, कारण तुम्ही आमच्यापासून दोन तासांवर आहात आणि हे काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. आपल्या माणसांचा चाचणी-संच बनवा आणि मार्गदर्शिकेसारखाच खुला ठेवा. सगळे रुग्ण काल्पनिक असावेत, पण घडण आपली असावी. त्यात माहेर-सासरची दोन नावे असलेली गरोदर बाई असावी. आडनाव नसलेला कातकरी म्हातारा असावा, त्याचे नुसते जन्मवर्ष असावे. देवनागरीत लिहिलेले नाव असावे, आणि तेच नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेले असावे. एकाच मोबाइलवरची सहा माणसे, 'अमुकचे बाळ' क्रमांक एक आणि दोन, लाखातल्या पेशी, स्वल्पविरामाचे दीड लाख, एककातली टोपी, ए४०, आणि अंतिम म्हणून गेल्यावर सुधारून पुन्हा आलेला रिपोर्ट हे सगळे असावे. एककांबाबत मात्र चालढकल नको. छापील कागदावर लॅबने हवे तर लाख लिहावेत, संदेशात युकमचेच एकक जावे, आणि दुसरे काही आले तर चाचणीत नापास. नापास झालेला संदेश कुठे आणि का चुकला, हे मराठीतही सांगा. तालुक्याच्या लॅबमध्ये बसलेला तंत्रज्ञ ते वाचून लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्याला खडसावू शकेल.

राज्याच्या आरोग्य विभागाला सांगणे असे. आमच्या भागातला रुग्ण कार्ल्याचे आरोग्य केंद्र, कान्ह्याचे रुग्णालय, तळेगाव, मग पिंपरीचे वायसीएम किंवा थेट ससून असा वर सरकत जातो. प्रत्येक पायरीवर मालक वेगळा, जिल्हा परिषद, राज्य, खासगी संस्था, महापालिका, वैद्यकीय शिक्षण विभाग. त्यामुळे एकच सॉफ्टवेअर सगळीकडे बसेल ही आशा धरू नका, संदेश एक झाला तरी पुरे. पुढच्या प्रत्येक निविदेत दोन अटी घाला. वरचा चाचणी-संच सर्वांसमक्ष चालवून दाखवल्याशिवाय पहिला हप्ता नाही. आणि करार संपला की सगळ्या नोंदी, वाचता येतील अशा रूपात, रुग्णालयाच्या हाती. दुसरी अट नसेल तर कंपनी बदलताना रुग्णालयाचा भूतकाळ कंपनीच्या सर्व्हरवर अडकून पडतो.

लहान रुग्णालये विचारतील, हे आम्हाला परवडणार कसे? त्यांची काळजी रास्त आहे. संदेशांची ने-आण करणारे मर्थ कनेक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर जगभरातली छोटी रुग्णालये वर्षानुवर्षे वापरत होती. २०२५ मध्ये त्याच्या मालकांनी पुढच्या आवृत्त्या पैसे घेऊनच देण्याचे ठरवले. सी-डॅकच्या पुण्यातल्या मंडळींनी एचएल७ आणि वैद्यकीय चित्रांच्या डायकॉम मानकासाठीचे कोड-संच फार पूर्वीच बनवले आहेत. त्यांचा धागा पुढे नेऊन असे एक साधन सार्वजनिक पैशांतून चालू ठेवता येईल. ते तपासायला, त्यातल्या उणिवा शोधायला हात कमी पडणार नाहीत. आमच्या कुसगावातच सिंहगडचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हजेरीचे ॲप आणि ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलामुलींना खरा एचएल७चा संदेश फोडायला द्या, त्यांची बुद्धी सत्कारणी लागेल आणि राज्याला या कामातली माणसे मिळतील.

या चाचणी-संचाचा पहिला मसुदा मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या काही मैत्रिणी लिहायला बसलो आहोत. तो आम्ही विनामूल्य देऊ, त्यावर हक्क सांगणार नाही. येत्या पावसाळ्याआधी तो तुमच्या हाती असेल, कारण पेशींचे आकडे पुन्हा धावू लागतील तेव्हा निदान एककांची चाचणी तरी सुरू झालेली असावी अशी आमची इच्छा आहे. मसुदा कोणत्या विभागाकडे पाठवायचा आणि तो तपासून उत्तर कोण देणार, एवढे कृपया कळवावे.

आपली,
एक इंटरफेस प्रोग्रॅमर
कुसगाव बुद्रुक, ता. मावळ, जि. पुणे